शालेय बुद्धिबळ: ओपनिंग राहू द्या, आधी घड्याळ आणि एंडगेम

मॅडम, प्रश्न वाचला. गणित शिकवता, क्रीडाशिक्षक निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकांनी बुद्धिबळ तुमच्या गळ्यात घातलं. तालुका स्पर्धेला दीड महिना आहे आणि तुम्ही विचारताय, मुलांना कोणती ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, शिकवू, बाहेरून प्रशिक्षक लावू का, आणि मुलं निवडायची कशी. बरीच वर्षं मी एका मराठी माध्यमाच्या शाळेची मुलं घेऊन तालुका ते विभाग हिंडतोय, त्यावरून सांगतो: पहिल्या दोन्हींची आत्ता गरज नाही. तालुक्याला मुलं ओपनिंगमुळे हरत नाहीत. एक वजीर जास्त असताना समोरच्याच्या एकट्या राजाला स्टेलमेट करून बसतात, म्हणजे शह नसताना त्याला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो, नाहीतर जिंकलेला डाव घड्याळावर, वेळ संपल्यामुळे, घालवतात. सिसिलियन नावाच्या ओपनिंगच्या बारा चाली पाठ असलेला मुलगा तेराव्या चालीला घोडा फुकट देतो, हे दरवर्षी बघतो.

आधी स्पर्धेचं गणित समजून घ्या. शालेय स्पर्धेत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तीन गट, मुलं-मुली वेगळे. शाळेची यादी एकत्र जाते, पण खेळतो प्रत्येकजण स्वतःसाठी, स्विस लीग पद्धतीने. म्हणजे हरलं की बाहेर नाही. सारख्या गुणांची मुलं पुढच्या फेरीत समोरासमोर येतात. गुण सारखे झाले की बहुतेक ठिकाणी बुकोल्झ बघतात, म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज. पहिलीच फेरी हरलेल्या मुलाला पुढे कमकुवत प्रतिस्पर्धी मिळतात, त्याचा बुकोल्झ कमी राहतो, आणि शेवटी चार गुण असूनही निवड हुकते. एसटी उशिरा आली म्हणून गमावलेली पहिली फेरी म्हणूनच फार महागात पडते. आदल्या दिवशीच गाडीचं ठरवा.

आता सराव. ओपनिंगसाठी चार गोष्टी पुरतात: मध्यावर प्यादं, घोडे-उंट बाहेर, लवकर कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल, राजा सुरक्षित करायला), वजीर घाईने बाहेर काढायचा नाही. त्यापुढचा सगळा वेळ एंडगेमला, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेल्या शेवटच्या टप्प्याला द्या. माझ्याकडे पहिला पंधरवडा पटावर फक्त राजे आणि आठ-आठ प्यादी असतात. ज्याचं प्यादं आधी वजीर होईल तो जिंकला. मुलांना आधी हे बालिश वाटतं, पण दोन-तीन दिवसांत राजा पुढे आणायचा असतो हे त्यांचं त्यांनाच कळतं. मग एक हत्ती आणि राजा विरुद्ध एकटा राजा, घड्याळात दोन मिनिटं लावून. दोन मिनिटांत मात करता येत नसेल तो मुलगा अजून तयार नाही, मग त्याने शाळेत कितीही जणांना हरवलेलं असो.

घड्याळाचं मात्र मनावर घ्या. बुद्धिबळाच्या घड्याळात दोघांचा वेळ वेगळा चालतो, चाल झाली की आपलं बटण दाबायचं. तालुक्याला अनेकदा सगळ्या पटांना घड्याळ मिळतच नाही. डाव लांबला की पंच येऊन पाच-दहा मिनिटं लावतात आणि ज्या मुलाने कधी घड्याळ दाबलेलं नाही तो गडबडतो. डिजिटल घड्याळ घ्यायला शाळेकडे पैसे नसतील तर मोबाईलवरचं घड्याळाचं ॲप सरावाला चालतं. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. ही सवय पंधरा दिवसांत लागते, न लागल्यास पंचांचा ओरडा ठरलेला.

नियमांपैकी एकावर जरा जास्त बोलतो, कारण त्यात सर्वांत जास्त रडारड होते. प्यादं आठव्या घरात पोचलं, वजीर हाताशी नाही, म्हणून मुलगा हत्ती उलटा ठेवतो, घड्याळ दाबतो आणि दोन चालींनंतर तो 'वजीर' तिरका चालवतो. समोरची पोरगी हात वर करते. पंच येतात, बघतात आणि सांगतात की हा हत्ती आहे, चाल बेकायदेशीर. मुलगा आपल्याकडे बघतो, पालक दारातून बघतात, आणि आपण काहीही करू शकत नाही, कारण पंच बरोबर असतात. घरी आपण सगळ्यांनी उलटा हत्तीच वजीर मानलाय ना! पोरांनाच बोलायला नको: 2017 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडायच्या डावात) निकोले नोरित्सिनने असाच उलटा हत्ती ठेवला, पंचांनी तो हत्तीच धरला आणि विजेतेपद समोरच्या सांबुएव्हकडे गेलं. उपाय सोपा आहे. घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा, पंचांकडे वजीर मागायचा. हे मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्या, नुसतं सांगू नका. आणि वजीर न ठेवता प्यादंच तसं सोडून घड्याळ दाबलं, तर तीही बेकायदेशीर चाल.

समोरच्याने बेकायदेशीर चाल केली तर स्वतःची चाल करण्याआधीच पंचांना बोलवायचं, जलद डावांत नंतर तक्रार ऐकली जात नाही. हात लावला की तीच सोंगटी चालवायची. मोबाईल तुमच्याकडे जमा. बाकीचे नियम मुलं खेळता खेळता शिकतात.

निवडीसाठी चाचणी स्पर्धा घेऊ नका, एका दिवसात काही कळत नाही. आम्ही स्टाफरूमच्या बाहेर एक शिडी लावतो: नावांच्या चिठ्ठ्या, टाचणीने. कुणीही आपल्या वरच्या दोघांपैकी एकाला मधल्या सुट्टीत आव्हान द्यायचं, जिंकला तर जागा बदलायची. जुलै संपेपर्यंत वरची नावं आपोआप ठरतात आणि 'सरांनी ओळखीच्या मुलाला घेतलं' असं म्हणायला जागा राहत नाही. मुलींना मात्र स्वतः जाऊन विचारा. 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे त्या स्वतःहून येऊ लागल्यात, पण बऱ्याच तालुक्यांत मुलींच्या गटात अजूनही प्रवेशिका कमी असतात. चांगली तयारी झालेली मुलगी थेट जिल्ह्याला जाते.

प्रशिक्षकाचे पैसे वाचवून मुलांना एखाद्या खुल्या स्पर्धेला न्या. सांगलीसारख्या ठिकाणी, जिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, तिथे ही परंपरा जुनी आहे. तुमच्या जिल्ह्यातही रविवारच्या स्पर्धा असतीलच. दिवसभरात सहा-सात फेऱ्या खेळल्या की जेवणानंतरच्या फेरीत काय होतं ते मुलांना कळतं. पोटभर वडापाव खाऊन बसलेला मुलगा चौथ्या फेरीत डोळे मिटायला लागतो. डब्यात हलकं काहीतरी, केळी, पाणी. फिडे रेटिंगच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या मानांकनाच्या मागे पालक लागतील. या वर्षी तरी दुर्लक्ष करा. रोजच्या सरावाला लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. पण ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) नको, कोडी सोडवू द्या.

एक अवघड गोष्ट आधीच सांगून ठेवतो. स्विसमध्ये आपलीच दोन मुलं समोरासमोर येतात. त्यातल्या एकाचे पालक कोपऱ्यात घेऊन सांगतील, 'सर, माझ्याला एक गुण मिळाला तर जिल्हा नक्की, त्या दुसऱ्याला जरा सांगा ना.' सांगायचं नाही. बरोबरीसुद्धा आधी ठरवायची नाही. पंचांच्या लक्षात आलं तर दोघांनाही शून्य मिळू शकतो, हे एक. आणि ज्याला हरायला सांगितलं तो मुलगा पुढच्या जूनमध्ये शिडीवर चिठ्ठी लावत नाही, हे दुसरं. मी जुलैच्या पालकसभेतच हे बोलून टाकतो, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी कुणाची भीड पडत नाही. तशा डावाच्या वेळी मी त्या पटाजवळ उभाही राहत नाही.

कागदांचं थोडक्यात: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं परिपत्रक नीट वाचा, किती मुलं पाठवता येतात आणि जन्मतारखेची अट काय ते त्यात असतं. ऑनलाइन प्रवेशिका शेवटच्या दिवशी भरू नका, साइट चालत नाही. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची ओळखपत्रं दोन प्रतींत करा. जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरला एक आणि आधारवर दुसरी असलेला एक तरी मुलगा निघतोच, त्याचं या आठवड्यातच बघा, कारण आधार दुरुस्तीला वेळ लागतो. दहावी-बारावीच्या मुलांची प्रमाणपत्रं त्याच दिवशी झेरॉक्स करून फाइलला लावा; क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेनेच पाठवायचा असतो आणि तेव्हा मूळ प्रमाणपत्र घरी कुठे ठेवलंय ते कुणालाच आठवत नसतं.