‘प्राथमिकता’ की ‘अग्रक्रम’?

म्हसरूळहून एका ताईंनी विचारलं आहे: आरोग्यसेवेवरच्या एका बैठकीच्या निमंत्रणात ‘संशोधनाच्या प्राथमिकता सर्वांच्या सहभागातून ठरवणे’ असं छापलंय. हे मराठी बरोबर आहे का?

मला ‘प्राथमिकता’ खटकतं. प्रायॉरिटीसाठी हा शब्द वापरण्याची रीत हिंदीतली. मराठीत ‘प्राथमिक’ म्हटलं की प्राथमिक शाळा आठवते, प्राथमिक आरोग्य केंद्र आठवतं. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी, डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे असं एक केंद्र असावं, असा निकष आहे. तिथला ‘प्राथमिक’ आजारी माणसाने सर्वांत आधी कुठे जायचं ते सांगतो. त्यामुळे कुणी ‘प्राथमिक आरोग्यसेवेच्या प्राथमिकता’ लिहिलं की वाचणारा अडखळतो.

मग ‘प्राधान्य’ की ‘अग्रक्रम’? सोबतची क्रियापदं पाहा. प्राधान्य ‘देतात’, आणि ते एकटा साहेबही देऊ शकतो. क्रम ‘लावावा’ लागतो. चार गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय तो लागत नाही.

पेठ तालुक्यातल्या एका बैठकीत मी तो लागताना पाहिला. सतरंजीवर चिठ्ठ्या मांडलेल्या: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या गोळ्या मध्येच का सुटतात, साप चावल्यावर दवाखान्यात पोचायला उशीर का होतो, अशा. प्रत्येकीच्या हातात पाच चिंचोके. एका आजींनी चार चिंचोके सापाच्या चिठ्ठीवर ठेवले. मग शेजारच्या आशाताईंचं काहीतरी ऐकलं, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि दोन उचलून सिकलसेलवर सरकवले. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेली जेम्स लिंड अलायन्स ही संस्था याच धर्तीवर रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवते आणि संशोधनासाठी पहिल्या १० प्रश्नांची यादी काढते. अशा कामाला ‘अग्रक्रम’ हाच शब्द शोभतो.

निमंत्रणातला ‘सहभाग’ मात्र अजिबात बदलू नका. ‘कृपया सहकार्य करावे’ ही पाटी काम आधीच ठरलेलं असतं तेव्हा लागते. सहभागात ‘भाग’ आहे, म्हणजे ठरवण्यात वाटा आहे.

छापील निमंत्रणात ‘संशोधनाचा अग्रक्रम सर्वांच्या सहभागातून ठरवणे’ असं लिहा. गावात बोलावणं धाडायचं असेल तर तेही नको. चिंचोके हातात घेतलेल्या बायका एकमेकींना एवढंच विचारत होत्या: “आधी कशाचं?” तेव्हा ‘कशाचा अभ्यास आधी व्हावा, ते सगळे मिळून ठरवू’ एवढं पुरे.