वडिलोपार्जित घरातील सामान कमी करताना सुरुवात कोठून करावी?

बेळगावच्या शहापुरातील जुने घर आवरायचे आहे, पण आई एकही वस्तू बाहेर जाऊ देत नाही, तेव्हा सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील आमचे घर मी आवरले. त्या वेळी झालेल्या चुकांच्या आधारे लिहितो.

पहिली चूक अशी की, आरंभीच मी झाकणाचे बारा प्लास्टिकचे डबे विकत आणले. सामान तेवढेच राहिले, फक्त डब्यांत गेले. आपण तूर्त काहीही विकत आणू नये, आणि आईच्या कपाटाला हात लावण्यापूर्वी स्वतःचे कपाट रिकामे करावे. माझी कॉलेजची पुस्तके आणि बिघडलेले चार्जर रद्दीत व भंगारात गेल्यानंतरच माझ्या बोलण्याला घरात थोडे वजन आले.

कपड्यांचा प्रश्न लवकर सुटतो. मऊ झालेली सुती लुगडी वाकळेसाठी ठेवावीत आणि बाकीचे बोहारणीला द्यावे; मात्र बदल्यात भांडी घेऊ नयेत, नाहीतर एका दाराने गेलेले सामान दुसऱ्या दाराने परत येते.

खरी अडचण माळ्यावरच्या भांड्यांची असते. हंडे, कळशा, घंगाळ आणि तांब्याचा बंब खाली उतरवल्यावर माझ्या आईने पदराने धूळ पुसत प्रत्येक भांड्याच्या काठावर कोरलेले नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि ते कोणी, कोणाच्या लग्नात दिले, याची हकिगत सांगण्यात सगळी दुपार गेली. मी चिडलो होतो, हे कबूल करतो. पण संध्याकाळी तिनेच भांडी वेगळी केली. वापरायची ती कल्हईला गेली, काही मुलीसुनांना मिळाली, आणि ज्यांवर नाव नव्हते ती तिने मोडीत घालायला सांगितली. नाव नसलेले भांडे तिच्या लेखी नुसते पितळ होते. ही कसोटी मला कधीच सुचली नसती. कुंद्याचे, म्हणजे आपल्याकडच्या खव्याच्या मिठाईचे, रिकामे डबे मात्र ‘लागतात’ या एका शब्दावर आजही जागच्या जागी आहेत.

कागदपत्रांच्या बाबतीत माझा सल्ला उलटा आहे: तेथे घाई करू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ घरांत एकाच जमिनीचे जुने कागद मराठीत, काही मोडी लिपीत, आणि नंतरचे कन्नडमध्ये असतात. आमच्या ट्रंकेत जुन्या सारा पावत्या आणि अलीकडच्या कन्नड पहाण्या, म्हणजे सातबारासारखे जमिनीचे उतारे, अशी दोन वेगळी गाठोडी होती, आणि दोन्ही वाचू शकणारे घरात कोणी नसल्यामुळे त्या दोन निरनिराळ्या जमिनी आहेत, असाच सर्वांचा समज होता. सर्व्हे नंबर जुळवून पाहिल्यावर शेत एकच निघाले. मोडीतील एक खरेदीखत तर, कोणालाच वाचता येत नाही म्हणून, मी रद्दीच्या ढिगात टाकले होते आणि काकांनी ते परत काढले. असे कागद जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय फेकू नयेत.

हे काम पावसाळ्यात करू नये, कारण आपल्याकडच्या दमट हवेत उघडलेले कागद ओल धरतात आणि त्यांना बुरशी लागते. घट बसण्यापूर्वी आपण अंथरूण-पांघरूण धुतो, तेव्हा बाकीचे घर आवरावे आणि कागद दिवाळीनंतर, उन्हात न टाकता, वाऱ्यावर सावलीत पसरावेत. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. तिचा गोंद पुढे पिवळा पडून कागदात उतरतो. पूर्वीचे लोक दप्तर सुती कापडात, म्हणजे रुमालात, बांधत असत, आणि मीही तसेच केले आहे. ट्रंक भिंतीपासून दूर, विटांवर ठेवली असून झाकणाच्या आत यादी चिकटवली आहे, तिच्यात सर्व्हे नंबर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही आकड्यांत लिहिले आहेत.