5-6 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षा गरम होती हे कशावरून कळतं? साताऱ्याच्या आसपास त्याचा पुरावा आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तेव्हा थर्मामीटर नव्हता, तर तापमानाचे अंश आले कुठून? आणि आपल्या डोंगरांत त्याची काही खूण आहे का? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ती खूण मी हाताने चाचपलेली आहे.

मी भूजलाचं काम करतो, राहायला साताऱ्यात. कोरेगाव तालुक्यात एका विहिरीचं काम चाललं होतं. वरचा मुरूम संपला, काळा कातळ लागला, सुरुंग लावत लावत तीसेक फूट गेल्यावर तांबडाभडक पट्टा निघाला, वीतभर जाडीचा. विहिरीचे मालक, सत्तरीचे आबा, शिडीवरून स्वतः खाली उतरले. चिमूटभर माती बोटांत चुरगळून म्हणाले, "साहेब, ही तर भट्टीतली माती. कातळाच्या पोटात कशी शिरली?"

अर्धं उत्तर त्यांनीच देऊन टाकलं होतं. ती भाजलेलीच माती आहे. दख्खनचा कातळ एका दमात ओतलेला नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर येत गेला आणि मध्ये मध्ये थांबला. त्या थांब्यात उघडा पडलेला दगड ऊनपावसाने कुजला, वर राख पडली, माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती त्याच्याखाली भाजून निघाली. पट्टा जवळून पाहिला तर वरची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. खाली मात्र माती, मुरूम, कुजका दगड आणि मग कातळ असं हळूहळू बदलत जातं. म्हणजे माती वाहून आलेली नाही, जागेवरच झालेली आहे. या तांबड्या थरांतल्या राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण मिळतात. त्यातलं किती युरेनियम झिजून शिसं झालं, यावरून 2015 साली सह्याद्रीतल्या लाव्हाची वयं फार बारकाईने काढली गेली. एवढा डोंगर रचायला 10 लाख वर्षंही लागली नाहीत, असं त्यातून दिसलं.

आता कासला चला. लोक तिथे फुलं पाहतात, मी पायाखालचा जांभा पाहतो. जांभा मुळात हाच काळा कातळ, फक्त धुऊन निघालेला. भरपूर पाऊस, वर्षभर ऊब आणि लाखो वर्षांचा निवांतपणा मिळाला की दगडातली सिलिका विरघळून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. कोल्हापूरकडच्या डोंगरांतलं बॉक्साइट याच प्रक्रियेतून झालेलं. कास आणि पाचगणीच्या पठारांवर जांभा सगळ्यात वर, टोपीसारखा बसलाय आणि दऱ्यांनी ती टोपी कापली आहे. म्हणून तो लाव्हाहून तरुण आणि त्या दऱ्यांहून जुना. त्या काळी इथे दमट, उबदार हवा होती ही साक्ष तो पक्की देतो.

पण या साक्षीला दोन मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. एक, जांभा तापमानाचे अंश सांगत नाही, तो फक्त "उबदार, ओलं" एवढंच म्हणतो. दुसरी मर्यादा जास्त अवघड आहे. सातारा तेव्हा इथे नव्हता. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजांनी पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवली. ती मोजली की कळतं, आपला हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला 20 ते 30 अंशांच्या पट्ट्यात होता. नंतर तो विषुववृत्त ओलांडून आजच्या साडेसतरा अंश उत्तरेला आला. मग जांभा झाला तो पृथ्वी गरम होती म्हणून, की आपणच गरम पट्ट्यातून चाललो होतो म्हणून? नुसता कासचा दगड घेऊन हे सुटत नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे.

म्हणून समुद्राच्या तळाशी जावं लागतं. तिथल्या गाळात फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं साठलेली असतात, बरीचशी रव्याच्या कणाएवढी. कवचात ऑक्सिजन असतो आणि तो दोन वजनांचा मिळतो: नेहमीचा 16 आणि जड 18, साधारण 500 अणूंमागे एक. पाणी जितकं गरम तितका जड ऑक्सिजन कवचात कमी जातो. एका अंशाला हजारात पाव भागाच्या आसपास फरक पडतो. हॅरल्ड युरी यांनी 1947 साली ही कल्पना मांडली, आणि 1955 साली चेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळाच्या गाळावर ती चालवून दाखवली. यातही एक गुंता आहे. हलकं पाणी आधी वाफ होतं आणि ध्रुवांवर बर्फ होऊन अडकून बसतं, त्यामुळे बर्फ वाढला तरी समुद्रातला 18 वाढतो. सुदैवाने 5 कोटी वर्षांपूर्वी मोठे हिमस्तर नव्हतेच, त्यामुळे तिथलं गणित बरंच सरळ होतं. ते सांगतं की खोल समुद्राचं पाणी तेव्हा 12 अंशांच्या घरात होतं. आज ते 2 अंशांच्या आसपास असतं.

हे सगळं जुळलं तरी एक कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. ध्रुवांकडचं पाणी गरम निघायचं, पण विषुववृत्ताजवळची कवचं मात्र तिथला समुद्र आजच्यापेक्षा थंड होता असं सांगायची. हे कसं शक्य आहे? चूक कवचांच्या जतनात होती. कवच पृष्ठभागावरच्या गरम पाण्यात घडायचं, मेल्यावर तळाच्या थंड पाण्यात पडून राहायचं, आणि तिथे त्याचा चुना थोडाथोडा विरघळून पुन्हा बसायचा. म्हणजे गरम पाण्याच्या नोंदीवर थंड पाण्याची नोंद चढायची. टांझानियात चिकण मातीत गाडलेली कवचं मिळाली, भिंगाखाली काचेसारखी स्वच्छ. 2001 साली ती मोजली आणि उष्ण कटिबंधाचा समुद्र 28 ते 32 अंशांचा निघाला. चिकण माती पाणी आत जिरू देत नाही, म्हणून कवच जसंच्या तसं राहिलं. आबांच्या विहिरीतही नेमकं हेच घडलं होतं: त्या तांबड्या पट्ट्याने पाणी अडवलं होतं आणि झरा बरोबर त्याच्या वर फुटला. त्या दिवसापासून टांझानियाची ही गोष्ट मला आपल्या घरची वाटते.

जमिनीवरचे साक्षीदार वेगळे, आणि त्यांचा समुद्राच्या रसायनाशी काही संबंध नाही, म्हणून ते जुळले की विश्वास बसतो. उष्ण प्रदेशातल्या झाडांत सरळ कडेची पानं जास्त, थंड प्रदेशात दातेरी जास्त. हे 1915 पासून माहीत आहे आणि पानांच्या जीवाश्मांची नुसती मोजदाद करून तापमानाचा अंदाज बांधता येतो. कच्छच्या पानंध्रो खाणीत सापडलेला वासुकी हा साप, 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा, 11 ते 15 मीटर लांब. सापाचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं, त्यामुळे एवढं धूड पोसायला तिथलं वर्षाचं सरासरी तापमान 28 अंशांच्या आसपास हवं, असं 2024 च्या अभ्यासात निघालं. कॅनडाच्या पार उत्तरेला, एल्समियर बेटावर, मगरीच्या जातीच्या प्राण्यांचे आणि कासवांचे त्या काळातले जीवाश्म मिळाले आहेत. आणि तुमच्याकडे गोठा असेल तर हे तुम्हाला आवडेल: 2004 साली उत्तर ध्रुवाजवळ समुद्रतळ खोदला तेव्हा सुमारे 4 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीच्या थरात अझोला निघाला. सांगलीकडे हौदात वाढवून म्हशींना घालतात, त्याच वंशाची वनस्पती आर्क्टिक समुद्राच्या पाण्यावर पसरली होती. भारत सरकला तसा उत्तर ध्रुव काही सरकला नव्हता. म्हणून हा पुरावा माझ्या जांभ्यापेक्षा वजनदार.

तुम्ही शेवटी लिहिलंय, "तेव्हाही गरम होतंच, मग आत्ता एवढी काळजी कशाला?" तर 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकदा पृथ्वी झपाट्याने 5-6 अंशांनी तापली. 1991 साली अंटार्क्टिकाजवळच्या गाळात ते पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. भूविज्ञानात त्याला झपाटा म्हणतात, पण ज्या कार्बनमुळे हे झालं तो हवेत यायला काही हजार वर्षं लागली, आणि सगळं पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख. आज आपण दरवर्षी सोडतो तो कार्बन त्या वेगाच्या साधारण दहापट आहे. मी माण-खटावच्या विहिरींची पातळी मोजतो, म्हणून मला हा वेग फार बोचतो. लाख वर्षांत झाडं डोंगर चढून जातात, ज्वारीच्या रानाला आणि शेतकऱ्याला तेवढी सवड नाही.

तांबडे पट्टे स्वतः पाहायचे असतील तर महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात जा. पावसाळ्यात तिथे दरडी येतात, म्हणून दिवाळीनंतर जा आणि वळणावर गाडी थांबवू नका. पट्ट्याची आधी वरची कड पाहा, मग खालची. हातोडी नेऊ नका. नखाने खरवडलंत तरी बोट लाल होतं.