इतकी वाट पाहिली, मग आता दिवस का मोजते आहे?

परदेशात राहणाऱ्या मुलामुलींकडून, आणि त्यांच्याहूनही अधिक सुनांकडून, नाताळच्या सुट्टीच्या सुमारास मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. ज्यांच्या येण्याची वर्षभर वाट पाहिली, ते आईवडील किंवा सासूसासरे घरी आल्यावर पंधरा दिवसांतच जीव का गुदमरू लागतो, आणि असे वाटणे हा कृतघ्नपणा आहे का? याचे उत्तर मी एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. त्यांची अनुमती घेतलेली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे कुटुंब जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. पतीपत्नी दोघेही नोकरी करतात आणि मुलगा प्राथमिक शाळेत जातो. सासूसासरे साताऱ्याहून डिसेंबरच्या आरंभी आले. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येत असल्यामुळे फेब्रुवारीअखेरचे परतीचे तिकीट आधीच काढलेले होते. सुनेने वर्षभराची रजा साठवून ती नाताळपासून 6 जानेवारीपर्यंत घेतली होती. तिने पहिल्याच भेटीत मला सांगितले, “मी त्यांच्या जाण्याचे दिवस मोजते आहे. मी वाईट सून आहे का?”

तिचा दिवस तिने मला सविस्तर सांगितला. सकाळी सगळ्यांचा चहा-नाश्ता, त्यानंतर रोजचे फिरणे, कारण आईबाबा इतक्या लांबून आले आहेत तर त्यांना काही दाखवले नाही असे व्हायला नको. बोडेन्से तलाव झाला, ऱ्हाईनचा धबधबा झाला, नाताळचे बाजार झाले. संध्याकाळी साडेचारलाच अंधार पडतो, मग घरी येऊन चार माणसांचा स्वयंपाक आणि मुलाचे वेगळे खाणे. पाण्याचा ग्लास हवा असला तरी सासूबाई थांबून राहतात, सासरे दर वस्तूची किंमत रुपयांत करून पाहतात आणि नवरा, जो एरवी निम्मा स्वयंपाक करतो, तो आईसमोर सोफ्यावर बसलेला असतो. “त्यांना सगळे हातात हवे असते,” असा तिचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष मी लगेच खोडला नाही आणि मान्यही केला नाही. अशा तक्रारीत दुसऱ्या बाजूचा दिवस ऐकल्याशिवाय काहीच बोलू नये, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढच्या ऑनलाइन भेटीला चौघांनाही बोलावले आणि सासूसासऱ्यांना साताऱ्यातला त्यांचा साधा दिवस सांगायला सांगितले. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पहाटेचे फिरणे, मंडईतून भाजी, बँकेचे काम, संध्याकाळी कट्ट्यावरची मंडळी, असा त्यांचा दिवस स्वतःच्या पायांवर चालणारा होता. इथे मात्र दाराबाहेर पडायचे तर कोणाला तरी विचारावे लागत होते. भाषा येत नव्हती, ट्रामचे तिकीट कसे काढायचे ते माहीत नव्हते आणि रविवारी व नाताळच्या दिवशी दुकाने बंद असल्यामुळे “मी दूध घेऊन येतो” इतकेही म्हणता येत नव्हते. आणखी एक गोष्ट त्यांनी फार संकोचाने सांगितली. व्हिसासाठी मुलाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात हमीपत्र भरून दिले होते आणि आईवडिलांच्या मुक्कामाचा, गरज पडल्यास आजारपणाचाही खर्च आपण उचलू असे त्यात लिहिले होते. “आयुष्यभर सही करणारा मी, आणि आता माझ्यासाठी मुलाची सही,” असे ते म्हणाले. किमती रुपयांत करण्याचे मूळ कंजूषपणात नव्हते. आपला मुलावर किती भार पडतो आहे, हे ते मोजत होते.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी त्यांनी महालक्ष्मीच्या पूजेला धूप लावला, छतावरचा धुराचा इशारा देणारा भोंगा वाजू लागला आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. त्यानंतर त्यांनी शेगडीलाच काय, खिडकीलाही हात लावणे सोडले. “तिच्या स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय हात घालणे मला बरे वाटत नाही. ती दमलेली असते, त्यात माझ्यामुळे आणखी काही निस्तरायला नको,” असे त्या म्हणाल्या. सुनेने हे प्रथमच ऐकले. ज्याला ती हक्काने बसून राहणे समजत होती, ते प्रत्यक्षात तिला जपणे होते.

परदेशातल्या पाहुणचाराचा खरा ताण बहुतेक घरांत इथेच असतो. आईवडील आपल्या गावात स्वतंत्र असतात आणि विमानातून उतरताच पूर्णपणे परावलंबी होतात. त्यांची मंडई, त्यांची रिक्षा, त्यांची शेजारीण, त्यांचा दवाखाना या सगळ्यांची जागा एकट्या मुलाने किंवा सुनेने भरून काढावी अशी अपेक्षा कोणी बोलून दाखवत नाही, पण घडते तेच. सहलींची संख्या वाढवल्याने हा ताण कमी होत नाही. आईवडिलांना त्यांचा स्वतःचा दिवस परत मिळाला, तरच तो कमी होतो.

त्यानुसार आम्ही पुढचे नियोजन केले. सासऱ्यांना जवळच्या दुकानापर्यंतचा रस्ता, ट्रामचा थांबा आणि फोनवरचा नकाशा मुलाने सलग दोन दिवस बरोबर चालून दाखवला, तिसऱ्या दिवशी ते एकटे गेले. जर्मनीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की तेवढ्या रकमेची पावती मिळते. ते काम त्यांनी आनंदाने आपल्याकडे घेतले, त्या पावतीतून नातवासाठी पाव आणू लागले आणि कागद, काच, ओला कचरा यांच्या वेगवेगळ्या पेट्यांचे वेळापत्रकही सांभाळू लागले. सासूबाईंना सुनेने शेगडी आणि ओव्हन शिकवले, त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुपारचे जेवण त्यांच्यावर सोपवले आणि त्या वेळी स्वयंपाकघरात न जाण्याचे पथ्य पाळले. पहिले चार दिवस तिला ते फार जड गेले. डबे जागेवर नव्हते, तेल जास्त पडत होते. पण संक्रांतीला सासूबाईंनी तिळगूळ केला आणि आजूबाजूच्या मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावले, तेव्हा सून पहिल्यांदाच स्वतःच्या घरी निवांत बसली होती.

मुलाशी मी स्वतंत्रपणे आणि अधिक स्पष्ट बोलले. आईवडील त्याचे आहेत, तेव्हा त्यांचे यजमानपद प्रथम त्याचे आहे. आईसमोर भांडी घासल्याने आईला वाईट वाटेल, ही त्याची समजूत होती. प्रत्यक्षात आईने एवढेच विचारले, “तू हे कधीपासून करायला लागलास?” आणि पुसायला फडके हातात घेतले. बायकोला आठवड्यातून एक संध्याकाळ पूर्ण मोकळी मिळावी आणि ती कुठे गेली हे कोणी विचारू नये, हेही त्यानेच आईवडिलांना सांगितले. हे सुनेने सांगितले असते तर ती तक्रार ठरली असती.

ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे येत्या सुट्टीत येणार आहेत, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. पहिली आरोग्याची. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, परंतु रक्तदाब-मधुमेहासारख्या जुन्या आजारांचे नेहमीचे उपचार त्यात सहसा येत नाहीत, म्हणून संपूर्ण मुक्काम पुरेल इतकी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायला सांगावे. दुसरी ऋतूची. नाताळच्या रोषणाईचे आकर्षण असते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला मे-जून कितीतरी सोयीचा, कारण तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि एकट्याने बाहेर पडता येते. या कुटुंबानेही पुढची भेट मे महिन्यात ठरवली आहे.

आईवडिलांचे वय वाढत जाईल तेव्हा काय करायचे, हा प्रश्न मात्र त्यांनी अजून उघडलेला नाही. तो आईबाबा साताऱ्याला परतल्यावर मुलाने पुण्यातल्या बहिणीलाही सोबत घेऊन बोलायचा आहे, आणि त्यासाठी मार्चमधली एक वेळ त्या दोघांनी माझ्याकडे राखून ठेवली आहे.