शेजाऱ्याने बांध कोरलाय, पण सरकारी मोजणी त्याला मान्य नाही. कोर्टाकडून मोजणी करून घेता येते का?

येते. आधी दिवाणी दावा लावा आणि त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट कमिशनर (कोर्टातर्फे जागेवर जाऊन पाहणी-मोजणी करून अहवाल देणारा माणूस) नेमण्याचा अर्ज द्या. भूमी अभिलेख, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचाच अधिकारी नेमावा, असं त्यात मागा. आणि दोन्ही गट मोजा म्हणावं! नुसता तुमचाच गट मोजला तर कमी पडलेली जमीन नेमकी कुणाच्या बांधात गेली, हे कळणार नाही. सातबारा नाचवून उपयोग नाही, त्यात क्षेत्र असतं, हद्द गटनकाशात. फी बहुधा आधी तुम्हीच भराल. अहवाल हा पुरावा, निकाल नव्हे. शेजारी हरकत घेऊन मोजणीदाराची उलटतपासणी करू शकतो.