मासे मेले त्याच सकाळी मुदत सुरू झाली

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "27 डिसेंबर 2023 ला मेहुण्याच्या खात्यावरून 300 वॉटचा ॲक्वेरियम हीटर 1,450 रुपयांना ऑनलाइन घेतला. 9 जानेवारी 2024 च्या पहाटे तो बंदच झाला नाही. पाणी 38 अंशांवर गेलं, सातही डिस्कस मासे मेले. विक्रेता म्हणतो, हीटर परत पाठवा, नवा देतो. माशांचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तेव्हापासून ईमेल चालू आहेत. मे 2025 मध्ये वकिलांकडून नोटीसही दिली, उत्तराची वाट बघतोय. ग्राहक मंचात जाता येईल का? आणि आता हीटर कोणता घेऊ?"

जाता येईल. पण ही वाट बघणं आजच थांबवा.

मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर, आता हीटर. वस्तू बदलते, पत्र तेच येतं. दीड वर्ष ईमेल, मग नोटीस, मग पुन्हा वाट. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात (म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात) तक्रार दाखल करावी लागते. ईमेल लिहून ही मुदत वाढत नाही. नोटीस पाठवूनही वाढत नाही, आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही म्हणून तर मुळीच नाही. विक्रेत्याच्या तक्रार कक्षाला हे पक्कं ठाऊक असतं. "आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे" या एका ओळीवर ग्राहकाचे तीन-तीन महिने निघून जातात.

तुमचं कारण मासे मेले त्या दिवशी घडलं, म्हणजे मुदत 9 जानेवारी 2026 पर्यंत आहे असं माझं मत. पण दोष वस्तूत मुळातच होता, तेव्हा दोन वर्षं खरेदीपासून मोजा, असा युक्तिवाद समोरचा वकील करणारच. तो टिकेल असं मला वाटत नाही. तरी त्याला ती संधी द्यायचीच कशाला? खरेदीची तारीख 27 डिसेंबर आहे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर 24 डिसेंबर 2025 च्या आत तक्रार दाखल करा. मुदतीनंतर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि "बोलणी चालू होती" एवढं कारण पुरेल याचा भरवसा धरू नका. मे महिन्यात नोटिशीवर पैसे घातलेत; त्याच कागदपत्रांवर तेव्हा तक्रारच होऊ शकत होती. कायद्यात आधी नोटीस दिलीच पाहिजे अशी अट नाही. फीचंही भय नव्हतं. फी वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. आणि तुम्ही नाशिकला राहता, म्हणून नाशिकच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी.

हीटर परत पाठवू नका. तो गेला की पुरावा गेला. तो बंद का झाला नाही, याची तपासणी आयोग प्रयोगशाळेकडून करून घेऊ शकतो. स्वस्त हीटरच्या थर्मोस्टॅटमधले संपर्कबिंदू ठिणग्यांनी एकमेकांना चिकटतात आणि हीटर चालूच राहतो, हा ओळखीचा बिघाड आहे. पण तुमच्या हीटरमध्ये तेच झालं, हे अहवालातून यायला हवं.

आता वॉरंटी. तक्रार वॉरंटीभंगाची म्हणून लिहिलीत तर हाती नवा हीटर येईल, फार तर 1,450 रुपये. कलम 2(22) मधल्या 'हानी'च्या व्याख्येतून वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं मालमत्तेचं नुकसान वगळलं आहे. म्हणून मांडणी उत्पादन दायित्वाच्या (सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या जबाबदारीच्या) प्रकरणाखाली, निर्मितीतल्या दोषाची करा. कायद्याच्या लेखी मासे तुमची मालमत्ता आहेत. दोषामुळे त्यांची हानी झाली तर त्यासोबतच्या मनस्तापाची भरपाईही मागता येते. रक्कम किती मिळेल ते सांगता येणार नाही. डिस्कसची खरेदी-बिलं असतील तर बोलता येईल, नसतील तर आयोग ठोकळ आकडा धरेल.

हीटर परदेशी बनावटीचा दिसतो, उत्पादकाचा पत्ता सापडणार नाही. कलम 86 प्रमाणे उत्पादक अज्ञात असेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल तर विक्रेता जबाबदार ठरू शकतो, आणि आयात करणाराही या कायद्यात विक्रेताच आहे. खोक्यावरचं आयातदाराचं नाव शोधा, दोघांनाही पक्षकार करा. मेहुण्याच्या नावावरच्या बिलाने अडू नये; खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक असतो. त्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडा.

एका ईमेलमध्ये मात्र तुम्ही "पिल्लं विकून चार पैसे मिळायचे" असं लिहून ठेवलं आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहक म्हणून दाद मिळत नाही. छंदातून क्वचित झालेली विक्री व्यापार नव्हे, असं मांडता येईल. आयोग काय म्हणेल ते विक्री किती होती यावर. रागाच्या भरात नुकसान फुगवून लिहिताना दर वेळी असंच काहीतरी हातून जातं.

निकाल केव्हा? नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं कलम 38 म्हणतं. प्रत्यक्षात वर्षं जातात. रिक्त पदं भरली जात नाहीत, तारखा पडत राहतात, आणि हजाराच्या हीटरसाठी चकरा मारणाऱ्या माणसाचा धीर सुटतो. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. समोरच्याला लेखी उत्तरासाठी 30 आणि वर फार तर 15 दिवस, त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. सेहेचाळिसाव्या दिवशी मागितलेल्या तारखेला लेखी हरकत घ्या.

नव्या हीटरबद्दल. तीन बाय दीड बाय दीड फुटांची तुमची टाकी साधारण 190 लिटरची. लिटरला एक वॉट हा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब. तिथे तुम्ही 300 वॉटचा एकच हीटर टाकलात, आणि क्षमतेची शिफारस पुस्तिकेत असेल तर विक्रेता चुकीच्या वापराचा मुद्दा काढेल. 100 वॉटचे दोन घ्या. एक चिकटला तर पाणी सावकाश तापतं, एक मेला तर निफाडकडच्या थंडीत दुसरा थोडा तरी आधार देतो. दोन्ही वेगळ्या तापमान नियंत्रकावर जोडा, त्याची मर्यादा 31 अंशांवर ठेवा, आणि टाकीच्या प्लगला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) असू द्या. पाणी बदलताना हीटर आधी बंद करून थंड होऊ द्या. तापलेली काच उघडी पडली की तडकते, आणि मग दोष तुमचा ठरतो. ज्या खोक्यावर आयातदाराचं नाव, भारतातला पत्ता आणि मॉडेल क्रमांक छापलेला नाही, तो हीटर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. बिल या वेळी स्वतःच्या नावावर घ्या.