थवा जागा 'निवडतो' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: 'मधमाश्यांचा थवा नवी जागा निवडतो' हे वाक्य विज्ञानलेखात चालेल का? ठरवणारे कोणी नसताना 'निवडणे', 'उद्दिष्ट', 'नियंत्रण' हे शब्द कितपत योग्य?

'निवडतो' खुशाल लिहा. खरी चूक होते ती 'राणी थव्याला नव्या घरी नेते' असे लिहिल्यावर. जागा ठरवण्यात राणीचा काही वाटा नसतो. ते काम काहीशे शोधक कामकरी माश्यांचे.

युरोपीय मधमाशीला (एपिस मेलिफेरा) साधारण ४० लिटरची, लहान तोंडाची पोकळी आवडते. शोधक माशी जागा पाहून परतते आणि जुने पोळे सोडून फांदीवर लटकलेल्या थव्यावर नाचते. जागा जितकी चांगली तितके नाचाचे फेरे जास्त. मात्र दर खेपेला हे फेरे सुमारे १५ने घटतात. समजा, उत्तम जागेसाठी पहिल्या खेपेला ९० फेरे झाले आणि बेताच्या जागेसाठी ३०. मग पहिलीचे एकूण फेरे ९०+७५+६०+४५+३०+१५ म्हणजे ३१५, दुसरीचे ३०+१५ म्हणजे ४५. तिपटीचा फरक सातपट होतो, तोही कोणी बेरीज न करता! शिवाय एका जागेच्या शोधक माश्या दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवतात. त्यामुळे दोन तुल्यबळ जागांमध्ये थवा अडकून पडत नाही. एका जागी एका वेळी २०-३० शोधक जमल्या की गणपूर्ती झाली, मग उड्डाणाची तयारी. दोन जागी जवळपास एकदमच गणपूर्ती झाली तर थवा हवेत दुभंगू शकतो.

अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ अॅपलडोर बेटावर थॉमस सीली आणि सुझाना बर्मन या संशोधकांनी थव्यांपुढे पाच पेट्या ठेवल्या: चार १५ लिटरच्या, एक ४० लिटरची. पाचपैकी चार थव्यांनी मोठी पेटी घेतली. याला निवड नाही तर काय म्हणायचे?

'ध्येय' आणि 'हेतू' मात्र टाळा. त्यांत मन गृहीत धरलेले असते. 'उद्दिष्ट' चालेल, पण त्याला एक कसोटी लावा: बाहेरून बिघाड केला तर ती व्यवस्था ऊर्जा खर्चून तो भरून काढते का? वाऱ्याने वाळूवर उठणाऱ्या लहरी हे स्वयंसंघटनच (कोणी न आखता घडलेली रचना), पण त्यांना उद्दिष्ट नाही. लटकलेल्या थव्याचे तसे नाही. गारठा वाढला की माश्या दाटीने बसून हवेच्या वाटा बुजवतात, गरज पडल्यास उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब आणतात. उकडले की सैल होतात. गाभा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो. इथे 'तापमानाचे नियमन' लिहावे. 'नियंत्रण'ही व्याकरणाने चूक नाही, दोन्हींच्या मुळाशी 'यम्' धातूच आहे. पण नियंत्रण म्हटले की वाचक नियंता शोधू लागतो, आणि तो इथे नाही.

'आपोआप' हा शब्द मला सर्वांत धोक्याचा वाटतो. 'थवा आपोआप जागा ठरवतो' म्हटले की नाच, घट, ढुशी, गणपूर्ती हे सगळेच झाकले जाते. त्याऐवजी 'परस्परांच्या संकेतांतून' लिहा.

एक सूचना: वरचे आकडे मेलिफेराचे आहेत. आपली सातेरी मधमाशीही पोकळीतच राहते, पण तिच्या वसाहती लहान. तिच्यावरच्या लेखात ४० लिटर तसेच उचलू नका. आग्या मोहोळ तर उघड्यावरच लटकते, तिथे पोकळीच्या मापाचा प्रश्नच येत नाही.